जहाजभाडे आणि वालचंदांचा हिशेब

जगाच्या व्यापाराविषयी एखाद्या उद्योगपतीचे मत काय होते हे पाहावयाचे झाले, तर त्याची भाषणे चाळण्यापूर्वी त्याने आपला पैसा कोठे घातला हे पाहावे, असे आम्हांस वाटते. वालचंद हिराचंद दोशी (1882–1953) हे काही ग्रंथकार नव्हेत. पण त्यांनी उभे केलेले धंदे, आणि विशेषतः आगबोटींचा धंदा, नीट वाचला तर त्यात एक सबंध अर्थशास्त्र सापडते.

सोलापूरच्या ह्या गृहस्थाने घरची कापसाची पेढी सोडली आणि लक्ष्मणराव फाटक नावाच्या एका माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी करून रेल्वेची कंत्राटे घेतली. माती खणणारा आणि रूळ घालणारा हा माणूस 1919 साली एकदम समुद्राकडे का वळला, हे कोडे कापसाच्या गासडीने सुटते. वऱ्हाड-खानदेशातली गासडी मुंबईच्या बंदरातून विलायतेस किंवा जपानास जाई. तिचा भाव ठरे तिकडे. त्या भावातून बोटीचे भाडे, विम्याचा हप्ता आणि दलाली वजा जाता जे उरे, ते मागे सरकत सरकत शेतकऱ्याच्या हाती पडे. म्हणजे भाडे व्यापारी भरीत असला, तरी त्याचा बराच भार शेतावर पडत असे. आणि ते भाडे ठरविणाऱ्या कंपन्या होत्या परक्या. 1914 साली पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया ह्या दोन बलाढ्य कंपन्या लॉर्ड इंचकेप ह्यांच्या हाताखाली एकत्र आल्या, तेव्हा तर विचारावयासच नको.

ह्या मक्तेदारीचे खरे कुलूप मात्र भाड्याच्या आकड्यात नसून सवलतीत होते. ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कंपनी व्यापाऱ्याकडून पुरते भाडे घेई आणि सांगे, की ह्यातला काही हिस्सा तुम्हांला परत मिळेल. पण आज नव्हे, काही महिन्यांनी, आणि तोही तोवर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या बोटीत माल चढविला नाही तरच. एक खेप दुसरीकडे दिली की साचलेली सगळी रक्कम बुडाली. नवी स्वदेशी बोट कमी भाड्याने धक्क्याला लागली तरी व्यापारी तिच्याकडे बघत राही. त्याला देशद्रोही म्हणणे सोपे आहे. त्याची वही पाहिली म्हणजे ते म्हणवत नाही.

वालचंदांच्या आधी हे कुलूप फोडण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. 1893 साली जमशेटजी टाटांनी सूत चीन-जपानकडे नेण्यासाठी स्वतःची जहाजवाहतूक सुरू केली. समोरच्यांनी भाडे इतके उतरविले की टाटांना माघार घ्यावी लागली. तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै ह्यांनी 1906 साली स्वदेशी बोट कंपनी काढली. 1908 साली ते राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले आणि पुढे कंपनीही बुडाली. परंतु टाटांच्याच सुमारास मुंबईच्या मार्गावर उतरलेली निप्पॉन यूसेन कैशा ही जपानी कंपनी मात्र त्या मार्गावर टिकून राहिली. कारण तिच्या पाठीशी जपानचे गिरणीवाले होते आणि जपानचे सरकारही होते. खुल्या बाजाराचे इंग्रजी तत्त्व सर्व देशांस आणि सर्व काळांस सारखे लागू पडत नाही, असे न्यायमूर्ती रानडे 1892 साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगत होते. त्याचा पुरावा पुढच्याच वर्षी मुंबईच्या धक्क्यावर येऊन उभा राहिला.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास ह्यांच्या साथीने वालचंदांनी 27 मार्च 1919 रोजी सिंदिया कंपनी काढली. भांडवल साडेचार कोटींचे. पहिली बोट ‘लॉयल्टी’ ही महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेली, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतलेली. (परक्यांशी झुंजावयास निघालेल्या बोटीचे नाव ‘राजनिष्ठा’ असावे, ह्यातली गंमत त्या वेळी कोणाच्या तरी ध्यानात आली असेलच!) 5 एप्रिल 1919 रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. 1964 पासून तो दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. व्यापारी दृष्टीने मात्र ती बोट फारशी कामाची नव्हती. ती उतारूंसाठी बांधलेली आणि जुनी झालेली होती. 1923 साली ती मोडीत निघाली.

त्याहून मोठा घाव जगाच्या बाजाराने घातला. युद्धानंतरच्या तेजीत बोटींच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या आणि 1920–21 मध्ये जगभर जहाजभाडी कोसळली. महाग घेतलेल्या बोटी स्वस्त भाड्याने चालवावयाच्या, त्यातच ब्रह्मदेशच्या तांदळाचे भाडे समोरच्या कंपन्यांनी निम्म्याच्याही खाली आणलेले. इंचकेपांनी कंपनीच विकत घेऊ पाहिली. ती विकली नाही. पण 1923 साली दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने किनाऱ्यावरच्या मालापुरते राहावे आणि ठराविक टनांपलीकडे बोटी वाढवू नयेत, अशा त्याच्या अटी होत्या. वालचंदांना त्या आवडल्या नव्हत्या. आमच्या मते मात्र ह्या कराराने कंपनी वाचविली. टाटांजवळ आणि पिळ्ळैंजवळ वेळ नव्हता; सिंदियाने तो विकत घेतला, फार महाग, पण घेतला.

तेव्हापासून त्यांची लढाई बाजारातून कायद्याकडे वळली. किनाऱ्यावरची वाहतूक हळूहळू हिंदी बोटींसाठी राखून ठेवावी, अशी शिफारस सरकारनेच नेमलेल्या समितीने 1924 साली केली. सरकारने तेवढे सोडून बाकीचे ऐकले आणि 1927 साली ‘डफरिन’ ही शिकाऊ नौका मिळाली. 1928 साली हाजींचे विधेयक आले, तेही पार पडले नाही. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीचा पाया घातला गेला, पुढच्याच वर्षी त्या गावावर जपानी बाँब पडले, आणि ‘जलउषा’ समुद्रात उतरली ती 1948 साली, नेहरूंच्या हस्ते. 1952 साली गोदीचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

येथे एक शंका बोलून दाखविली पाहिजे. कोकणकिनाऱ्यावरची बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे सिंदियाच्याच ताब्यात आली. मोठ्याने लहानास गिळावे हा समुद्राचा नियम परक्यांनीच पाळावयाचा होता असे थोडेच आहे? भाडे स्वदेशी मालकाने ठरविले म्हणजे ते उतारूच्या खिशाला आपोआप हलके होत नाही. वालचंदांच्या हिशेबात देश आणि कंपनी हे आकडे एकाच रकान्यात पडत. देश पारतंत्र्यात होता तोवर हे बरेचसे खरेही होते. स्वातंत्र्यानंतर ते दोन रकाने वेगळे मांडावयास हवे होते.

किनारा पुढे राखीव झाला. 1961 साली सरकारी नौवहन महामंडळ निघाले. सिंदिया कंपनी 1980 नंतर खालावत गेली. आज हिंदुस्थानच्या परदेशी मालवाहतुकीपैकी दहा टक्केही माल आपल्या बोटींतून जात नाही. 2021 साली कंटेनरचे भाडे जगभर कित्येक पटींनी चढले, तेव्हा नाशिकचा द्राक्षबागाईतदार तोच जुना हिशेब मांडून बसला होता: युरोपात मिळणारा भाव, त्यातून बोटीचे भाडे वजा, खाली बाकी.