झाडीपट्टीतील साथसंगत

साथसंगत, झाडीपट्टीतील : पूर्व विदर्भातील लोकसंगीतात मुख्य गायकाबरोबर गाणाऱ्या व वाजविणाऱ्या साथीदारांचा मेळ आणि त्यातून निर्माण होणारे स्नेहसंबंध. मराठीत ‘साथ’ आणि ‘संगत’ हे दोन्ही शब्द द्व्यर्थी आहेत. सोबत हा त्यांचा एक अर्थ, तर गाण्याला दिलेला वाद्याचा वा आवाजाचा आधार हा दुसरा. भंडारा जिल्ह्यातील दंडार, खडी गंमत व खंजिरी भजन या प्रकारांत हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. कारण त्यांतील गाण्याची घडणच अशी आहे, की ते एकट्याने पुरे होत नाही.

भंडारा, गोंदिया व गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून झाडीपट्टी हा प्रदेश होतो. यांपैकी गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगेचे खोरे, जुने तलाव आणि धानाची शेती ही या प्रदेशाची ठळक वैशिष्ट्ये होत. येथील गावजीवनाचे वेळापत्रक धानाच्या हंगामाशी बांधलेले असते. दिवाळीनंतर गावोगावी ‘मंडई’ भरते. दिवसा बाजार व पाहुण्यांची वर्दळ, तर रात्री दंडार, गंमत किंवा नाटक असा तिचा क्रम असतो. दंडारीतील कलावंत बहुधा गावातीलच शेतकरी व मजूर असतात. दिवसा एकाच बांधीत राबणारी माणसे रात्री एकाच फेरात उभी राहतात, आणि तालमींच्या निमित्ताने त्यांचा सहवास सणापुरता न राहता दीर्घकाळ टिकतो.

खडी गंमत हे तमाशाचे पूर्व विदर्भातील रूप होय. तीत कलावंत अखेरपर्यंत उभे राहूनच गातात, वाजवितात व नाचतात. यावरून तिला हे नाव पडले. शाहीर, स्त्रीवेष घेणारा नाच्या, ढोलकीवाला, डफवाला, तुणतुणेवाला आणि मागे उभे राहून ध्रुपद उचलणारे झीलकरी, असा तिचा संच असतो. शाहिराने कडव्याचा शेवट उंच स्वरात सोडावा आणि झीलकऱ्यांनी तो झेलून पुढे न्यावा, ही तिची मूळ रीत. झीलकरी गातात तेवढ्या वेळात शाहिराला श्वास घेता येतो व पुढचे कडवे आठवता येते. कवन हजरजबाबी असेल, तर ते जुळविण्यासही हाच अवकाश मिळतो. म्हणून झीलकऱ्याला शाहिराची रचना जशी पाठ असावी लागते, तसाच त्याचा स्वभावही ठाऊक असावा लागतो. ही जाण वर्षानुवर्षे एकत्र उभे राहिल्यानेच येते.

या मेळातील सर्वांत साधे वाद्य म्हणजे तुणतुणे. लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे ताणून बसविलेले, बाजूला काठी आणि तिच्या खुंटीपासून चामड्यापर्यंत ओढलेली एकच तार, अशी त्याची रचना असते. त्यावर सुरावट वाजविली जात नाही; एकच स्वर सतत छेडला जातो. गायकाला आधारस्वर देणे व लय राखणे, एवढेच त्याचे काम. तथापि तो स्वर थांबला, तर सर्वांचा मेळ विस्कटतो. इतर देशांतील लोकसंगीतातही असा अखंड आधारस्वर आढळतो. अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतप्रदेशातील डल्सिमर हे मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे तंतुवाद्य या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच्या एका तारेवर सुरावट वाजते आणि उरलेल्या तारा आधारस्वर धरून राहतात. केंटकी राज्यातील व्हायपर येथील जीन रिची (१९२२–२०१५) या गायिकेने घरच्या मंडळींच्या सहगायनात ऐकलेले हे वाद्य विसाव्या शतकाच्या मध्यास शहरांतील श्रोत्यांपर्यंत नेले. पुढे अनेक ठिकाणी हौशी वादकांची मंडळे निघाली. वादनाची सुलभता हे या प्रसाराचे एक कारण होय. जे वाद्य थोड्या सरावाने हाती धरता येते, ते नवख्यालाही मेळात जागा देते. झाडीपट्टीतील टाळ, तुणतुणे व झील यांचे कार्य हेच आहे.

साथसंगतीचे दुसरे अंग म्हणजे स्पर्धा. शाहिरी परंपरेप्रमाणे खडी गंमतीतही कलगी व तुरा असे दोन पक्ष असतात. कलगीवाले शक्तीचे, तर तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व मांडतात. सवाल-जबाबांचा हा सामना रात्रभर चालू शकतो. मध्य भारत व राजस्थानातील परंपरेनुसार तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर हे या दोन पक्षांचे प्रवर्तक असून, चंदेरीच्या राजाने प्रसन्न होऊन एकाला तुरा व दुसऱ्याला कलगी दिली. ही आख्यायिका असली, तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे. तीत प्रतिस्पर्धी हे परस्परांचे शत्रू नसून एकाच दरबारात सन्मान पावलेले गुणी आहेत. सवाल टाकणाऱ्याला जबाब देणारा तोलाचा मिळाला नाही, तर सामना रंगत नाही. म्हणून प्रतिपक्षही एका अर्थी साथीदारच ठरतो.

विसाव्या शतकात या सहगायनाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांच्यामुळे वेगळे वळण मिळाले. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजींनी खंजिरी हे लहानसे वाद्य हाती घेऊन मराठी व हिंदी भजनांतून ग्रामसुधारणेचा व स्वातंत्र्याचा विचार मांडला. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. त्यांच्या प्रेरणेने निघालेली श्रीगुरुदेव सेवा मंडळे विदर्भात सर्वत्र, तशीच भंडारा जिल्ह्यातील खेड्यांतही पसरली. सामुदायिक प्रार्थनेत सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र बसावे, हा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाची गरज होती, कारण संगतीलाही सीमा होत्या. एका ठेक्यावर गाणारे लोक एका पंगतीत बसत असेच नव्हे. ज्यांच्या हाताशिवाय डफ-ढोलकीचा मेळ उभा राहत नसे, त्यांनाच अनेकदा देवळाच्या पायरीबाहेर थांबावे लागे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर विदर्भातील गावोगावच्या गायकांनी बुद्ध-भीमगीतांची स्वतंत्र मंडळे उभी केली. वाद्ये बहुतांशी तीच राहिली. पण कोणाच्या सोबतीने व कोणत्या मानाने गावयाचे, हे गाणाऱ्यांनी स्वतः ठरविले. स्त्रियांचे गाणेही रोवणीच्या बांधीत व घरकामात होते, मात्र फडात त्यांची जागा नाच्याने घेतली होती. स्त्रियांच्या भजनी मंडळांमुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली आहे.

आज झाडीपट्टीची रंगभूमी प्रामुख्याने व्यावसायिक नाटकांमुळे ओळखली जाते. देसाईगंज (वडसा) हे तिचे मोठे केंद्र असून, ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. या प्रसिद्धीमुळे कलावंतांना प्रतिष्ठा व उपजीविका मिळाली, हे खरे. परंतु तिकिटाच्या नाटकाला वादक ठरवून आणता येतात. गावच्या दंडारीला ते गावातच तयार व्हावे लागतात. ध्वनिवर्धक व ध्वनिमुद्रित संगीत यांनी गाणे सुलभ केले, तसे झीलकऱ्यालाही अनावश्यक ठरविले. तुणतुणे वस्तुसंग्रहालयात जपता येईल आणि कवने वहीत उतरविता येतील. कडव्याच्या शेवटी शाहीर कोठे थांबणार, हे ओळखून वेळेवर सूर उचलणारा शेजारी मात्र अशा रीतीने जपता येत नाही. तो सहवासातूनच घडतो. म्हणून झाडीपट्टीच्या लोकसंगीताचे जतन हे अंतिमतः मंडईच्या रात्री एकत्र उभे राहण्याच्या रीतीचेच जतन होय.