इग्वाना पाळताय? आधी कागद, ऊन आणि पाल्याचा हिशेब करा

बेळगाव : पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेच्या पेटीत बसलेलं वीतभर हिरवं पिल्लू बघून अनेकांना मोह होतो. भुंकत नाही, केस गाळत नाही, नुसता पाला खातो. मग त्रास तो काय? पण हेच पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसकट पाच फुटांच्या आसपास जातं आणि नीट सांभाळलं तर १५ ते २० वर्षं जगतं. नीट न सांभाळलेला इग्वाना मात्र पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावू शकतो. कारणं ठरलेली असतात : ऊन कमी, ऊब कमी आणि चुकीचं खाणं. म्हणून पैसे मोजण्याआधी एवढं वाचून घ्या.

घोरपड नव्हे

आपल्याकडे इग्वाना बघून लोक सर्रास 'घोरपड' म्हणतात. दोन्ही प्राणी वेगळे. घोरपड आपल्या रानातली, मांसाहारी, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. ती पकडणं वा घरी ठेवणं गुन्हा आहे. हिरवा इग्वाना मध्य व दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा आणि शाकाहारी.

कागदपत्रं आधी, पिल्लू नंतर

विदेशी प्राणी म्हणजे नियम नाही, हा समज जुना झाला. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी त्यामुळे अनुसूची ४ मध्ये आले. इग्वाना त्यांतलाच. असे प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये नियम निघाले. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवरून आपल्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा मेला, तरी कळवावं लागतं.

सीमाभागात हे जास्त महत्त्वाचं. पिल्लू कोल्हापुरात घेतलं आणि घर बेळगावात, किंवा दुकान बेळगावात आणि घर पणजीत, असं सहज होतं. विकणाऱ्याच्या नावावर नोंदणी आहे का, हस्तांतर कसं होणार, हे विचारा आणि आपल्या जिल्ह्याच्या वन कार्यालयात खात्री करून घ्या. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

घर केवढं?

माशांची टाकी पिल्लाला काही महिनेच पुरते. मोठ्या इग्वान्याला निदान सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल जाळीचा पिंजरा लागतो. लांबीपेक्षा उंची महत्त्वाची, कारण हा झाडावरचा प्राणी आहे. आत त्याच्या अंगाएवढ्या जाड, मजबूत आडव्या फांद्या बांधा. खाली वाळू किंवा भुसा नको, पोटात गेला तर आतडं तुंबतं. साधे कागद अंथरा, रोज बदला.

ऊन आणि ऊब

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय इग्वान्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांत मुरत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच हे किरण अडवते. कोवळ्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात रोज थोडा वेळ ठेवा, पण अर्ध्या भागात सावली हवीच. काचेची पेटी उन्हात ठेवाल तर प्राणी आत भाजून मरेल.

घरात यूव्हीबी ट्यूब लावावी लागते. फांदीपासून साधारण फूटभर अंतरावर, मध्ये काच-प्लास्टिक नको. उजेड दिसत राहिला तरी किरण कमी होत जातात, म्हणून ट्यूब सहा महिने ते वर्षभरात बदला.

ऊब घ्यायच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश, बाकी पिंजऱ्यात २६ ते ३० आणि रात्री २३-२४ च्या खाली नको. बेळगावात थंडीत पहाटे पारा १५ च्या खाली जातो, ग्वाल्हेरात तर एक आकडी होतो. तिथे रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतो. गरम होणारा 'हॉट रॉक' दगड घेऊ नका, पोट भाजतं.

हवेत ओलावाही हवा. गोव्यात तो आयता मिळतो, पण इंदूर-वडोदऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा.

विजेचा हिशेबही मांडा. १०० वॅटचा दिवा आणि २५ वॅटची ट्यूब रोज १२ तास म्हटलं, तर महिन्याला ४५ युनिट झाले. हीटर वेगळा. आणि हे पंधरा वर्षं.

ताटात काय?

दहा वाट्यांतल्या आठ वाट्या पाला, दीड वाटी भाजी आणि अर्धी वाटी फळ, असं प्रमाण ठेवा.

- रोज : शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदाची पानं-फुलं, मेथी.
- जोडीला : लाल भोपळा, घेवडा, थोडं गाजर.
- कधीमधी : पपई, अंजीर.
- अगदी कमी : पालक, माठ, चुका (कॅल्शियम अडवतात), कोबी, फ्लॉवर.
- कधीच नाही : अंडं, चिकन, मांजराचं खाद्य, अळू, कांदा. प्राणिज प्रथिनांनी मूत्रपिंडं निकामी होतात.

बाजारातली भाजी नीट धुऊन, बारीक चिरून द्या. कॅल्शियमची पूड डॉक्टर सांगतील त्या मापात. बागेत मोकळा सोडत असाल तर कण्हेरीपासून लांब ठेवा, ती विषारी आहे.

हाताळताना

इग्वान्याच्या डोक्यावर मध्यभागी तिसरा 'डोळा' असतो. त्याला चित्र दिसत नाही, पण सावली कळते. वरून हात आला की घार आली असं समजून तो बिथरतो. म्हणून हात नेहमी बाजूने, पोटाखालून घाला. शेपटी धरू नका, तुटते. मान हलवणं, गळ्याची झालर फुगवणं, शेपटी ताणणं म्हणजे 'लांब राहा'. विणीच्या दिवसांत नर चावरे होतात. मादी नराशिवायही अंडी घालते. त्या काळात तिला उकरायला ओलसर मातीची पेटी द्या, नाहीतर अंडी पोटात अडकून जिवावर बेततं.

नाकाशी पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. जास्तीचं मीठ तो शिंकून टाकतो. मात्र जबडा सुजणं वा मऊ पडणं, पाय जाड किंवा वाकडे होणं, अंग थरथरणं ही हाडं ठिसूळ झाल्याची लक्षणं आहेत. लगेच डॉक्टर गाठा. गावातले सगळे पशुवैद्य सरपटणारे प्राणी बघत नाहीत. म्हणून डॉक्टर आधी शोधा, पिल्लू मग आणा.

घरच्यांची काळजी

इग्वान्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. हात लावल्यावर साबणाने धुवा, स्वयंपाकघरात फिरू देऊ नका, त्याची भांडी तिथल्या मोरीत घासू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी वृद्ध असतील तर हा प्राणी आणूच नये.

नको झाला तर?

रानात सोडू नका. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळीव व्यापारातून सुटलेले इग्वाने इतके वाढले, की बागा आणि कालव्यांचे बांध पोखरले जाऊ लागले. २०२१ मध्ये तिथे नव्याने पाळण्यावर बंदी आली. आपल्याकडे सोडलेला इग्वाना एक तर थंडीने मरेल, नाहीतर लोक घोरपड समजून मारतील. सांभाळणं जमत नसेल तर वन विभागाला कळवा किंवा रीतसर हस्तांतर करून जाणत्या माणसाकडे द्या.

जागा, वीज, डॉक्टर आणि पंधरा वर्षं, या चारही रकान्यांत बरोबरची खूण झाली तरच पिल्लू घरी आणा.