वेळेचे नियोजन

हाती असलेल्या वेळेत कोणते काम आधी करायचे, कोणते मागे ठेवायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे ठरवून दिवस घालवण्याची रीत. घड्याळ हे तिचे साधन असले, तरी कोणते काम थांबू शकते आणि कोणते नाही याची पारख हा तिचा पाया होय.

जुन्या कालगणनेत दिवस-रात्रीचे आठ प्रहर धरत. प्रहर तीन तासांचा, घटका २४ मिनिटांची. समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) दासबोधाच्या अकराव्या दशकातील तिसऱ्या समासात पहाटे उठण्यापासूनचा दिनक्रम सांगितला आहे. प्रपंच आणि परमार्थ या दोहोंना एकाच दिवसात जागा करून देणारी ही मांडणी आजही उपयोगी पडते.

थांबणारे आणि न थांबणारे काम यांतला फरक कोकणातील भातशेतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. उदाहरणार्थ, फोंडाघाट (ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग) हे देवगड–निपाणी मार्गावरील, सह्याद्रीच्या पायथ्याचे भरपूर पावसाचे गाव. या पट्ट्यात मे महिना सर्वांत दाटीचा. काजू संपत आलेला असतो, कोकमे सुकवायची असतात, मुंबईहून चाकरमानी आलेले असतात आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमीही उरकायची असते: सरपण आत घेणे, कौले परतणे, मिरची-मसाला, सुकी मासळी. रोहिणी नक्षत्र साधारण २५ मेला लागते. त्या सुमारास धूळवाफेत (कोरड्या मातीत) किंवा पहिल्या पावसावर भात पेरून तरवा, म्हणजे लावणीची रोपे, तयार करतात. तो साधारण २१ ते २५ दिवसांचा झाला की लावणी झालीच पाहिजे. तरवा जून झाला तर फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. त्यामुळे लावणीच्या दिवसांत घरातली बाकीची कामे आपोआप मागे सरतात. मनुष्यबळ अपुरे पडते तेथे सावडीने, म्हणजे आज एकाच्या आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात राबून, वेळ गाठली जाते. एकट्याचा वेळ एकट्यानेच वाचवायचा, या आजच्या समजुतीपेक्षा ही रीत अधिक शहाणपणाची आहे.

नियोजनाच्या बहुतेक सल्ल्यांत एक गोष्ट सुटते: घरातला वेळ सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. पॉवर टिलर आल्यापासून चिखलणी लवकर आटोपते. लावणी मात्र बहुतेक ठिकाणी अजून हातानेच होते, ती मुख्यतः बायका करतात, आणि शेतातून परतल्यावर चूलही त्यांच्याच वाट्याला असते. अशा घरात पहाटे आणखी लवकर उठण्याचा सल्ला निरुपयोगी ठरतो. तेथे कामाची वाटणी बदलणे हेच नियोजन. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे होते.