लघवीची घाई आणि औषधाची घाई

मूत्राशय पुरते भरण्याआधीच लघवीची अनावर घाई होणे, रात्री पुन्हापुन्हा झोप मोडणे, कधी वाटेतच लघवी सुटणे, हे अतिक्रियाशील मूत्राशयाचे दुखणे. त्याच्या उपचारांचा इतिहास सहसा सनावळीतून सांगितला जातो. अमेरिकेत १९७५ साली ऑक्सिब्युटिनिन या औषधाला मान्यता मिळाली, १९९७ साली त्रिकास्थीजवळच्या मज्जातंतूला विजेचे सौम्य संदेश देणारे यंत्र आले, १९९८ साली टॉल्टेरोडीन, २०१२ साली मिराबेग्रॉन आणि २०१३ साली मूत्राशयात टोचायचे बोटॉक्स. ही सनावळी खरी आहे; पण मूत्राशयाला पुन्हा वळण लावण्याचा उपचार तिच्यात कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते या इतिहासाचा कणा तोच आहे.

१९४८ साली अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. १९६६ साली जेफकोट आणि फ्रान्सिस यांनी घाईमुळे लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी वेळापत्रकाची शिस्त सुचवली. ठरल्या वेळीच जायचे आणि दोन खेपांमधले अंतर हळूहळू वाढवायचे, अशी ती रीत. यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. लहानपणी मेंदू मूत्राशयाला आवरायला शिकतो; तो लगाम सैल पडला, तर पुन्हा शिकता येतो. घाई होताच तळाचे स्नायू आवळून धरले, की मूत्राशयाचा स्नायू सैलावतो. १९९८ सालीच, म्हणजे टॉल्टेरोडीन बाजारात आले त्याच वर्षी, ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रियांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. लघवी सुटण्याचे प्रसंग प्रशिक्षणाने सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाले, ऑक्सिब्युटिनिनने ६९ टक्क्यांनी, नुसत्या बिनऔषधी गोळीने ३९ टक्क्यांनी.

यावर आक्षेप घेता येतात. नुसत्या गोळीनेही इतका फरक पडतो, तर प्रशिक्षणाचे काही श्रेय आपुलकीने घेतलेल्या काळजीचे असेल. ते मान्य, पण उरलेला फरकही मोठा आहे. मज्जारज्जूच्या आजारात केवळ सवयीने भागत नाही, हेही खरे. तिथे औषधाची, बोटॉक्सची गरज निर्विवाद आहे. अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञांच्या २०२४च्या मार्गदर्शिकेने तर आधी सवय, मग गोळी ही पायऱ्यांची सक्तीच काढून टाकली आणि निवड रुग्णाबरोबर मिळून करावी असे म्हटले. मला हा आक्षेप वाटत नाही, उलट आधार वाटतो. निवड करायची तर सगळे पर्याय माहीत हवेत. ऑक्सिब्युटिनिनसारख्या औषधांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, आणि म्हातारपणी दीर्घकाळ घेतल्यास स्मृतिभ्रंशाशी त्यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. गोळीची चिठ्ठी मिनिटभरात लिहून होते. प्रशिक्षणाला शिकवणाऱ्याचे तास आणि शिकणाऱ्याचे आठवडे लागतात. वळणाचा उपचार मागे पडला तो या वेळेच्या हिशेबात, गुणात नव्हे. म्हणून लाजत दवाखान्यात आलेल्या बाईला चिठ्ठीआधी हा पर्याय नीट समजावून सांगणे, एवढे तरी या इतिहासाचे देणे आहे.