अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (बिग बुक)

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस : दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या अमेरिकनांनी इतर व्यसनींसाठी सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ (1939). याच नावाच्या संघटनेचा (रूढ नाव ‘ए. ए.’) हा आधारग्रंथ असून सदस्यांत तो ‘बिग बुक’ म्हणून ओळखला जातो. प्रमुख लेखक बिल विल्सन (1895–1971). मात्र अनामिकतेच्या दंडकामुळे मुखपृष्ठावर कोणाचेही नाव नाही.

पार्श्वभूमी : विल्सन न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करी. इस्पितळाच्या अनेक वाऱ्या झाल्यावर डिसेंबर 1934 मध्ये त्याची दारू सुटली. मे 1935 मध्ये ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे एक व्यवहार फसल्यावर पाय पुन्हा बारकडे वळू लागले, तेव्हा त्याने हॉटेलातून फोन करकरून बोलायला दुसरा पिणारा माणूस शोधला. तो म्हणजे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ (1879–1950). डॉक्टर वा धर्मगुरू यांच्या उपदेशाने जे साधत नाही, ते एका व्यसनीने दुसऱ्याला आपली हकीकत सांगितल्याने साधते, हा दोघांचा अनुभव. स्मिथने शेवटचा प्याला घेतला तो दिवस, 10 जून 1935, संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. गावोगावच्या व्यसनींपर्यंत प्रत्यक्ष पोहोचणे शक्य नसल्याने हे काम पुस्तकाकडून करून घेण्याचे ठरले.

लेखन : 1938 मध्ये न्यू जर्सीतील नेवार्कच्या कचेरीत विल्सन मजकूर सांगे आणि सचिव रूथ हॉक तो टंकित करी. तयार प्रकरणे न्यूयॉर्क व ॲक्रन येथील सदस्यांपुढे ठेवली जात आणि त्यांवर कडाक्याचे वाद होत. सर्वांत मोठा वाद देवाविषयी होता. संघटनेची सुरुवात ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या आश्रयाने झाली होती. जिम बर्वेलसारख्या देव न मानणाऱ्या सदस्यांना तिची धार्मिक भाषा जाचे. अखेर तडजोड झाली. देवाच्या उल्लेखाला ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ अशी जोड मिळाली आणि व्यसनमुक्तीच्या ‘बारा पायऱ्यां’पैकी सातव्या पायरीतील गुडघे टेकण्याचा उल्लेख गळला. छपाईपूर्वी सु. 400 प्रती अभिप्रायासाठी वाटण्यात आल्या. ‘तुम्ही हे केलेच पाहिजे’ हा सूर सोडून ‘आम्ही असे केले’ या सुरात लिहा, ही सूचना एका मनोविकारतज्ज्ञाकडून आली आणि पुस्तकाचा बाज बदलला.

स्वरूप : आरंभी डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचे वैद्यकीय मत आहे. व्यसन हा मनाच्या दुबळेपणाचा भाग नसून तो आजार आहे, शरीराला दारूची जणू ॲलर्जी असते, असे ते मांडतात. पुढे अकरा प्रकरणे असून पाचव्यात ‘बारा पायऱ्या’ येतात : दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करणे, स्वतःच्या वागण्याचा निर्भीड हिशेब मांडून तो दुसऱ्या माणसाजवळ उघड करणे, दुखावलेल्यांची शक्य तेथे भरपाई करणे, अन्य व्यसनींना मदत करणे इत्यादी. पत्नींना उद्देशून लिहिलेले प्रकरण त्यांच्या तोंडी असले, तरी ते विल्सननेच लिहिले. त्याची पत्नी लॉइस हिला ते लिहायचे होते. पुढे 1951 मध्ये तिने व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. ग्रंथाच्या उत्तरार्धात सदस्यांच्या अनुभवकथा आहेत.

प्रकाशन व प्रसार : प्रकाशनासाठी सदस्यांनी स्वतःचीच कंपनी काढली. साडेतीन डॉलर किंमत ग्राहकाला जास्त वाटू नये म्हणून जाड कागद वापरला. ‘बिग बुक’ हे नाव त्या जाडीवरून पडले. सुरुवातीला विक्री जेमतेम होती. मार्च 1941 मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट साप्ताहिकात जॅक अलेक्झांडरचा लेख आल्यावर मागणी एकदम वाढली. पुढील आवृत्त्या 1955, 1976 व 2001 मध्ये निघाल्या. अनुभवकथा दरवेळी बदलल्या; पहिली 164 पाने मात्र जवळपास जशीच्या तशी राहिली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2012 मध्ये देश घडवणाऱ्या पुस्तकांच्या यादीत त्याचा समावेश केला.

मूल्यमापन : धार्मिक वळण, पुरुषी दृष्टी आणि ‘ॲलर्जी’ची ढोबळ कल्पना यांवर टीका झाली. काहीही करून ज्यांची दारू सुटत नाही त्यांच्या प्रामाणिकपणावरच पुस्तक बोट ठेवते, हा आक्षेपही गंभीर आहे. दुसरीकडे, कॉक्रेन संस्थेच्या 2020 मधील आढाव्यात, सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांवर आधारित नियोजनबद्ध उपचार अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस आढळले. मात्र तीव्र व्यसनीने दारू एकाएकी बंद केल्यास फिट येणे, भ्रम होणे असे जिवावरचे धोके संभवतात. तेथे पुस्तक वा ए. ए.च्या सभा वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत.

महाराष्ट्रात : मुंबईसह राज्यात अनेक ठिकाणी ए. ए.च्या सभा मराठीतून भरतात. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रानेही ए. ए.च्या विचारांना आपल्या उपचारांत स्थान दिले.