घरातल्या लहरींचा परवाना

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे येऊन राहिली आहेत. नव्या बिऱ्हाडात ब्रॉडबँडची जोडणी येईपर्यंत वायफायचे यंत्र निरुपयोगी, असा समज तेथे काय किंवा अन्यत्र काय, सर्रास आढळतो. तो खरा नव्हे. राउटर घरातील प्रत्येक उपकरणास एक क्रमांक देतो आणि एकाचा निरोप दुसऱ्यास पोहोचवितो. बाहेरची तार नसली, तरी संगणकातील मजकूर प्रिंटरवर छापता येतो. एका खोलीत साठविलेला चित्रपट दुसऱ्या खोलीत पाहता येतो.

मात्र हे यंत्र म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होय, आणि ते घरी बाळगण्याची मुभा आपणांस सहजासहजी लाभलेली नाही. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ ठेवणेही गुन्हा ठरविले. साधा रेडिओ ऐकणाऱ्यासही पुढे कित्येक वर्षे टपाल कचेरीत परवान्याचे शुल्क भरावे लागे. मग प्रक्षेपणाची कथा काय सांगावी! ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चुकविण्यासाठी यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागे. नोव्हेंबरात ते पकडले गेले आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

स्वातंत्र्यानंतरही कायदा तोच राहिला. जग मात्र पुढे जात होते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे रेडिओलहरींनी मुख्य संगणकाशी जोडली. १९८५ मध्ये अमेरिकेने काही लहरी अशा वापरासाठी परवान्यावाचून खुल्या केल्या, आणि १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक ठरले. भारत सरकारने जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला.

या मुक्ततेला मर्यादा आहेत. प्रक्षेपकाची शक्ती एक वॅटहून अधिक असता कामा नये, आणि शेजाऱ्याच्या लहरींचा उपद्रव झाल्यास सरकारकडून संरक्षण मागता येत नाही. लहरी सर्वांच्या सामाईक आहेत. म्हणूनच दाटीच्या इमारतीत राउटर एक, सहा वा अकरा या परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्यांपैकी कमी गर्दीच्या वाहिनीवर लावावा. एकेकाळी पोलीस ज्यावर पहारा देत, त्या लहरींची व्यवस्था आता शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या समजूतदारपणावर सोपविली आहे.