तळटीप : सुल्त्झच्या ग्रॅनाइटमधील भेगा

* ‘भिंतीचे चित्र’ म्हणजे इथे कॅमेऱ्याचे छायाचित्र नव्हे. फ्रान्समधील सुल्त्झ-सू-फोरे येथे भूऔष्णिक विंधनविहिरी सुमारे 5 किलोमीटर खोल गेल्या आहेत. विहिरीतल्या गढूळ द्रवात प्रकाश निरुपयोगी. म्हणून उपकरण भिंतीवर ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीचा जोर आणि वेळ नोंदवते. भेगेपाशी प्रतिध्वनी क्षीण होतो. गोल भिंत उलगडून सपाट मांडली की तिरकी भेग नागमोडी रेषा होऊन दिसते; रेषा जितकी उंच, तितका भेगेचा उतार तीव्र. लेखकाने भेगांची नुसती संख्या विचारात घेतली आहे. आमच्या मते ती पुरेशी नाही. कित्येक भेगा खनिजांनी बुजलेल्या असतात, त्यांतून पाणी वाहत नाही. कोणती भेग वाहती, हे ठरवायला तापमानाचा आलेख शेजारी हवाच. खोदकामामुळे पडलेल्या भेगाही टाकाऊ नव्हेत. खडकातील ताणाची दिशा त्यांवरून कळते. – संपादक